मोजणीचा वाफा

हंडाभर पाण्यात ज्वारी किती पिकते, हे अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात कुणाला ठाऊक असेल तर ते मला! निदान त्या सकाळपर्यंत मी तसं समजत होतो.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. पाणी जपून वापरा, असं जो तो सांगे; पण पिकाला लागतं किती, ते कोण मोजणार? शेतकी खात्यानं त्यासाठी मला हंगामी चिकटवलं होतं. अक्कलकोटच्या वाटेवर ईरप्पांच्या रानात मी एक वाफा आखला आणि पेरल्यापासून त्याला हंड्यानं मोजून पाणी घातलं. पोटच्या पोराचं एवढं केलं नसतं! आता खात्याचे मानसिंगराव साहेब उभं पीक बघून जाणार, पुढं कणसं वाळली की दाणे तोलायचे, आणि माझी नोकरी कायम. घरी बायको देव पाण्यात घालून बसली होती.

त्या सकाळी साहेबांची जीप थांबताच ईरप्पा धावत आले. "बर्री, बर्री सायेब! या, या! आदी बसा की!"

"आधी वाफा बघू," मी म्हणालो.

"पावणा उपाशीपोटी रानात शिरतो व्हय? येडं का खुळं!" ईरप्पांच्या घरच्या, अक्कम्मामावशी कडाडल्या.

मग काय! बांधाच्या अलीकडं गवऱ्यांची आगटी फुललेली. मावशी कणसं भाजून तळहातावर चोळत होत्या. गरमागरम हुरडा, शेंगाचटणी, घट्ट दही! साहेबांनी आधी चिमूट घेतली, मग मूठ, मग ताटलीच ओढली. मीही मागं राहिलो नाही.

"वा! असा गोड हुरडा जन्मात खाल्ला नाही!" साहेब म्हणाले.

"गोड आसणारच की!" मावशी खुलल्या. "आमची समदी ज्वारी टणक झाली. ह्या सायबांच्या वाफ्यातली तेवडी कवळी व्हती. पावण्याला चांगलं ते घालावं, म्हून समदी खुडली!"

मी हातातला हुरडा टाकला. तसाच उठून बांधापलीकडं पळालो. वाफ्यात नुसती ताटं उभी, कणसं गायब!

"अहो मावशी, ते मोजायचं होतं!"

"आगं बया! पावण्याचं खाणं कुटं मोजत्यात व्हय?"

मी साहेबांपुढं हात जोडले. "साहेब, माझी नोकरी..."

साहेब मिशीतला दाणा तोंडात टाकत म्हणाले, "गप्प बसा! सगळं पीक आपल्या पोटात. वर काय सांगणार? प्रयोग पुन्हा करावा लागेल, म्हणजे माणूसही कायमचा लागेल. पुढच्या हुरड्यापर्यंत... हे आपलं, हंगामापर्यंत, इथून हलायचं नाही!"

मी तिथल्या तिथं मावशींच्या पाया पडलो. माझ्या घरची चूल पेटते ती त्या माउलीच्या कृपेनं, हे मी आजही चारचौघांत सांगतो.

पुढच्या साली वाफ्याच्या पाहणीला साहेबांचे साहेब आले. सहकुटुंब!