थायोफीनवाले गावस सर

गावस सर डिचोलीच्या बसमध्ये चढले की त्यांच्या आजूबाजूची माणसं एकेक करून पुढच्या थांब्यावर उतरायची. सरांना वाटे, सरकारनं बसगाड्या वाढवल्या; हल्ली बसायला कशी ऐसपैस जागा मिळते!

सर आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात थायोफीन बनवत. थायोफीन म्हणजे पाच अणूंचं रिंगण, चार कार्बन आणि एक गंधक. "फुगडीत चार बायलो आनी मधीच एक दादलो घुसलो," असं सर समजावत. त्या दादल्याचा, म्हणजे गंधकाचा, वास सरांच्या शर्टात कायमचा राहायला आला होता. गोवा राज्य व्हायच्या आगेमागे स्टाफरूममध्ये कोकणी की मराठी यावरून रोज कप आपटत. पण सरांची खुर्ची खिडकीपाशीच असावी, यावर दोन्ही बाजूंचं एकमत.

मी तेव्हा वीस वर्षांची. अक्कल बेताची, ऐट भरपूर. वर्गात सरांना उलटसुलट प्रश्न विचारणारी मी एकटीच. सगळ्यांना वाटे हुशार आहे. खरं तर मला गप्प बसता येत नसे. धारगळला हमरस्त्यावर बाबांचं दुकान. त्यांनी बजावलं होतं, "पयलो वर्ग मिळालो तर फुडे शीक. नाय तर लगीन."

शेवटच्या वर्षी प्रकल्पाला मी थायोफीन घेतलं. सोडियम सक्सिनेट आणि फॉस्फरस सल्फाइड एकत्र तापवलं, दोन थेंब हाती लागले. आयसॅटिन आणि गंधकाम्ल घालून पाहिलं, तर नळीत मोरपंखी निळा रंग! म्हणजे थायोफीन तयार. मी सगळ्या कॉलेजला पेढे वाटले.

सरांनी पेढा खिशात टाकला. "नळी कित्यान धुतलंस गो?"

"बेंझिनानं, सर."

"मग आधी त्या बेंझिनाक विचार."

बाटलीतल्या नुसत्या बेंझिनाची तीच परीक्षा घेतली. निळंशार! कोळशाच्या डांबरातून काढलेल्या स्वस्त बेंझिनात थायोफीन आधीच लपलेलं असतं. मी बाटलीतल्या मळाचे पेढे वाटले होते.

"सर, परीक्षकांना काय कळणार आहे?"

"त्यांका कळचां नाय. तुका कळलां मगे?"

पुन्हा प्रयोग केला. या वेळी नळी बेंझिनाशिवाय धुतली, तेव्हा फिकट निळा, पण खरा रंग आला. आधीची चूकही सरांनी अहवालात लिहायला लावली. मी फुरंगटून, मुद्दाम गिचमिड अक्षरात लिहिली. परीक्षकांना नेमकी तेवढीच वाचता आली. गुण कापले आणि पहिला वर्ग चार गुणांनी हुकला.

आठवडाभर मी सरांच्या नावानं बोटं मोडली. घरी स्थळांची चर्चा सुरू होणार म्हणून रडून घेतलं. आणि एका सकाळी बाबा म्हणाले, "ट्रंक भर. फुडच्या शिक्षणाक नाव घालूक जाऊया."

का, ते वसतिगृहाच्या दारात ट्रंक उतरवताना कळलं.

"तुझे सर दुकानार इले होते," बाबा म्हणाले. "म्हणाले, हिचे चार गुण माझ्यामुळे गेले. खरां लिवल्यान म्हणान गेले. तिका थांबवू नकात."

"आणि?"

"मियां विचारलंय, तुमका तिचो इतको कळवळो कित्याक? तर म्हणाले, घरात मी एकटोच. वर्गात माझ्याशी बोलणारां तां एकच चेडू. मियां म्हटलां, मगे तां गेल्यार तुमचां कसां? जावक उठले. मग म्हणाले, काय अडलां तर पत्र घाल म्हणान सांगा."

त्या संध्याकाळी मी सरांना दोन पानांचं पत्र लिहिलं. पाच प्रश्न विचारले. पाचांचीही उत्तरं मला शाळकरी पोरीसारखी पाठ होती.

आठ दिवसांत उत्तर आलं. सहा पानं, आकृत्यांसह. सुरुवातीलाच लिहिलं होतं, 'ही सगळी उत्तरं तुला येतात. तरी सविस्तर लिहितो.'