डोंगरी घोडा डांबरावर उतरविल्याची हकीकत

हा मजकूर कोणी हुकूम केला म्हणोन नव्हे, तर कोणीच विचारीत नाही म्हणोन लिहिला असे. लिहिणार आणि ज्याचा पराक्रम लिहावयाचा तो असामी एकच, सबब स्तुती हात राखून केली आहे आणि फजिती तेवढी पदरचे घालून. वाचणारांनी हसावे, परंतु घरी येऊन हसू नये.

तर खासा स्वारी, म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे धनी, वय उताराकडे, पोट चढाकडे. कुटुंब बाईसाहेब, तलावावर लहानथोरांस पोहणे शिकवीत. दिवसभर त्या पाण्यात आणि स्वारी दुकानात, आणि रात्री जेवणाचे टेबलास समोरासमोर बसोन दोघे आपापल्या मोबाईलमध्ये परागंदा होत. लग्नानंतर एका मोटारसायकलीवर बसोन दोघांनी मुलूख धुंडाळिला होता. ते दिवस पुन्हा आणावे ऐसा निश्चय स्वारींनी केला, आणि मग कोणासही न विचारता एक डोंगरी घोडा, म्हणजे चिखलदगडांत पळावयाची मोटारसायकल, विकत आणिला. घोडा पाहावा तर उंटाएवढा उंच, चाके किडकिडीत, टायरांस बोटाएवढ्या गुठळ्या, आणि डांबरावर निघाला म्हणजे स्वाराचे दात वाजत. स्वारींचे मुलखात डोंगर नाही, हे ध्यानी आले ते घोडा दारी आल्यावर.

पहिलेच दिवशी बाईसाहेबांस मागे बसवून कूच केले. चौकात दिवा तांबडा जाहला, स्वारींनी घोडा थांबविला, मग पाय खाली सोडिला, आणि पाय जमिनीस पोहोचेचना. मग घोडा, स्वारी आणि बाईसाहेब अत्यंत सावकाश, कोणास काही घाई नसावी ऐसे, डावीकडे कलंडले. स्वारींनी तत्काळ उठोन घोडा उभा केला, टाकीस पोचा आला की काय ते हात फिरवून पाहिले. बाईसाहेबांचे कोपर सोलवटले होते. त्यांनी कपडे झटकिले आणि फर्मान जाहले,

"तू एकटा पड. मी नाही बसणार."

मग त्या पायी घरी निघाल्या आणि स्वारी घोडा ढकलीत मागोमाग.

मग मसलत बसली. मसलतीस बाईसाहेबांचे धाकटे बंधू, घरात ज्यांस सर्वज्ञ म्हणत, ते हजर जाहले आणि चहा घेऊन म्हणाले, "दाजी, विकून टाका. स्कूटर घ्या. स्कूटरवाल्याला कुणी हसत नाही." परंतु विकणे म्हणजे शरणागती. मग स्वारींनी मोबाईलमधून खबर काढिली की, डोंगरी घोड्याची चाके उतरवून त्या जागी लहान, रुंद चाके आणि गुळगुळीत टायर चढवावे, पुढे मोठ्या तबकडीचा ब्रेक जोडावा, म्हणजे घोडा चार बोटे खाली बसतो आणि रस्ता धरोन चालतो. या विद्येस सुपरमोटो ऐसे नाव. मग चाके मागविली. ती बैठकीचे खोलीत भिंतीस टेकून राहिली आणि बाईसाहेबांनी त्यांजवर पोहण्याचे ओले टॉवेल वाळत घातले. हा निषेध की सोय, हे समजले नाही.

पुढे सुटीचा दिवस पाहोन इमारतीचे पार्किंगमध्ये मोर्चे लाविले. मागील चाकाचा नट हटेना. मग स्वारी दस्तुरखुद्द पान्यावर उभी राहिली आणि उडी मारिली, तेव्हा नट सैल जाहला आणि कंबरही. तथापि नवी चाके बसली, ब्रेक जोडिले. ब्रेक नव्याने जोडिला म्हणजे निघण्यापूर्वी त्याची मूठ पुनःपुन्हा दाबोन जोर आणावा लागतो, हे ब्रेकसोबत आलेल्या पुस्तकात ठळक अक्षरांत होते. ठळक अक्षरे दुसऱ्यांसाठी असतात ऐसे मानोन स्वारींनी घोडा सुरू केला आणि उतारावर सोडिला. पुढचा ब्रेक दाबिला, तो पोकळ. मागचा दाबिला, तोही पोकळ. मग स्वारींनी इमारतीचे सेक्रेटरींच्या कुंड्यांचे फौजेवर हल्ला केला आणि शेवंतीची आघाडी गर्दीस मिळविली.

सेक्रेटरी धावत येऊन ओरडले, "अहो, झाडं आहेत ती! ट्रॅफिक नाही!"

बाईसाहेबांनी गॅलरीतून सर्व पाहिले होते. त्या खाली आल्या, प्रथम स्वारींचा गुडघा पाहिला, मग सेक्रेटरींस नव्या कुंड्या कबूल केल्या, आणि ते गेल्यावर घोड्यापाशी बसोन विचारिले,

"कुणासाठी चाललंय हे सगळं?"

"तुझ्यासाठीच. उंच होती म्हणून पडलो ना आपण. आता पाय टेकतील."

"उंचीचं काय घेऊन बसलास? पडलो तेव्हा तू आधी गाडी उचललीस."

या तोफेपुढे स्वारींचा सारा सरंजाम उधळला. स्वारींनी बाईसाहेबांचे कोपराकडे पाहिले. खपली पडोन तेथे गुलाबी कातडी आली होती, आणि ती कधी आली हे स्वारींस ठाऊक नव्हते. दरबारी भाषेतला एकही शब्द कामास येईना. मग स्वारी एवढेच बोलली, "चुकलं माझं."

बाईसाहेब पुस्तक उघडोन ठळक अक्षरे मोठ्याने वाचू लागल्या आणि स्वारी ब्रेकची मूठ दाबीत गेली. मूठ घट्ट होईपर्यंत दाबिली. मग बाईसाहेबांनी चाक धरिले, स्वारींनी नट आवळिले.

पुढे आरसे, दिवे, हॉर्न ऐसा रस्त्याचा जामानिमा चढवून घोडा वाहन तपासणीस नेला. अधिकाऱ्यांनी चाके पाहिली, ब्रेक पाहिले, हॉर्न वाजविण्याचा हुकूम केला. हॉर्न बदकासारखा वाजला. ते म्हणाले, "पुन्हा वाजवा." पुन्हा वाजविला. मग म्हणाले, "नाही, नियमात बसतोय. मलाच ऐकायचा होता." आणि परवाना जाहला.

त्याच संध्याकाळी स्वारींनी घोडा दारी उभा केला आणि वाट पाहिली. बाईसाहेब आल्या, हेल्मेट चढविले, मागे बसल्या. मग गाव मागे पडले, कारखाने मागे पडले, घोडा वळणे अशी घेई की बाईसाहेबांनी खांद्यावरचा हात काढून कमरेस घातला. ऐसे करिता करिता गावाबाहेरील तळ्याअलीकडे डांबर संपले आणि पुढे चिखलाची पायवाट लागली.

"थांबलास का? जा की पुढे."

"आता ही चिखलात नाही चालत. डोंगरावर चालायची ती चाकं काढली ना."

मग बाईसाहेब ऐशा हसल्या की हेल्मेट काढावे लागले, आणि स्वारीही हसली, पोट धरोन, रस्त्याचे कडेस बसोन. मग घोडा डांबराचे काठावर उभा ठेविला, पादत्राणे हाती घेतली, आणि दोघे चिखल तुडवीत तळ्याकडे पायी निघाले. स्वारी मध्येच घसरली. बाईसाहेबांनी दंड धरोन सावरिली आणि मग दंड सोडिला नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली आणि मुलूख तळ्यापर्यंत सर जाहला, त्यापैकी डांबरी भाग घोड्याने व चिखलाचा भाग अनवाणी. तळ्याकाठी काय बोलणे जाहले ते दोघांतले आहे, सबब येथे लिहिले नाही.