अठरा मिलिमीटरचा खडा

सतरा किलोमीटर चालणं माझ्यासाठी काहीच नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सिंचन खात्यात एकतीस वर्षं सब-इंजिनिअर होतो. नहराच्या पाळीवरून इतका चाललो, की सोबतचे चपराशी बदली मागून घ्यायचे. त्यामुळे आमच्या कॉलनीतल्या डॉक्टर वैदेहीनं बालाघाट ते वारासिवनी पदयात्रा काढायचं ठरवलं, तेव्हा मी बैठकीतच उभा राहिलो. म्हटलं, "पुढं मी चालतो. बॅनरही मी करून आणतो. तुम्ही फक्त माझ्या मागं या!"

पदयात्रा कशासाठी, हे सांगताना मात्र माझी जीभ अडते. बायकांना तो कॅन्सर होतो ना, छातीचा, त्यासाठी. वारासिवनीच्या मंगल भवनात दुपारी दोनपर्यंत नागपूरच्या डॉक्टरीणबाई फुकट तपासणी करणार होत्या. वाटेतल्या गावांना ते सांगायचं, बायकांना सोबत घ्यायचं आणि चालत तिथं पोचायचं, असा बेत होता.

कल्पना माझ्या बायकोची, अलकनंदाची. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २००२ साली, तिचं नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ हाताला लागल्यावर ती आठ महिने कोणाजवळ बोलली नव्हती. माझ्याजवळही नाही. ते आठ महिने तिच्या मनातून जात नव्हते. "एक बाई जरी माझ्याएवढी थांबायच्या आधी तिथं पोचली, तरी मले पुरे," एवढंच तिचं म्हणणं.

आणि मी कॉलनीत काय सांगितलं होतं? पित्ताशयाचा खडा! खोटं बोलायचं तर इंजिनिअरसारखं बोलावं, मापासकट. "अठरा मिलिमीटरचा निघाला," हे मी दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. शेजारच्या दुर्गाबाई तर ते ऐकून पाच मिनिटं गप्प बसल्या होत्या. मला वाटलं, माप ऐकून हादरल्या.

तर बॅनर. वैदेहीनं चिठ्ठीवर हिंदीत मजकूर दिला होता, 'स्तन कैंसर जागृति पदयात्रा'. ती घेऊन मी नथ्थू पेंटरकडे गेलो. दुकानात माझ्याच जुन्या ऑफिसातले दोघं बसलेले. चिठ्ठी खिशातून बाहेर येईना. शेवटी मी खिशातल्या खिशात तिचे पहिले दोन शब्द फाडले आणि उरलेला तुकडा पुढं केला.

"जागृति पदयात्रा, बस?" नथ्थू म्हणाला. "बाकी जागा खाली दिसन ना, साहेब."

"दिसू दे."

नथ्थूला रिकामी जागा बघवत नाही, हे मला काय माहीत! पदयात्रेच्या दिवशी सकाळी सहाला आमच्या कॉलनीच्या चौकात बॅनर उलगडलं. एका कोपऱ्यात धनुष्य घेतलेला राम, दुसऱ्या कोपऱ्यात देवळाचं शिखर, वर भगवा झेंडा.

"रामपायलीचे सगळे बॅनर मीच करतो," नथ्थू अभिमानानं म्हणाला. "पदयात्रा म्हटली का रामपायलीच. रामाचे पैसे नाही लावले, साहेब."

रामपायलीचं जुनं राममंदिर वारासिवनीच्याही पुढं आहे. अलकनंदानं बॅनर वरपासून खालपर्यंत वाचलं.

"अहो, कॅन्सर कुठं आहे यात?"

"लोक समजून घेतात गं."

"काय समजतात ते पाहतेच आता," ती म्हणाली आणि चपलेचा पट्टा आवळला.

पहिल्याच गावात एका म्हातारीनं माझ्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. नवे कॅनव्हासचे बूट, आत मोजे, सगळं चिंब. कोणीतरी गळ्यात हार घातला.

"कुठी चालले महाराज? रामपायलीले ना?"

आता सांगायचं, हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. समोर सरपंच, त्याची म्हातारी आई, शाळेची पोरं, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. 

"हौ," मी म्हणालो.

"काहून खोटं बोलून राह्यले?" अलकनंदा दात आवळून म्हणाली.

"पुढच्या गावात सांगतो ना!"

पुढच्या गावात पोहे मिळाले. त्याच्या पुढच्या गावात चहा, केळी आणि महागूचं भजनी मंडळ. महागू हा उंचापुरा शेतकरी, हातात माइक, सायकलला बांधलेला भोंगा. मला बघताच तो पायाच पडला. "तुमी पुढं व्हा महाराज, आमी मागंच हाओ!" ढोलक वाजू लागली. निघालो तेव्हा आम्ही तीस जण होतो, दहा वाजता अडीचशे झालो. बायका नारळ घेऊन येत होत्या. खरं सांगायचं तर मला ते जरा आवडायलाही लागलं होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत कोणी माझ्या मागं ढोलक वाजवली नव्हती.

मग चंपाबाई आली. चाळिशीची, शेतात राबणारी बाई. तिनं वाकून माझ्या ओल्या बुटांना हात लावला.

"महाराज, एक नवस आहे. तोंडानं बोलता नाही येत."

मी हात वर केला. "राम सगळं ठीक करते, बाई."

अलकनंदानं ते ऐकलं. ती चंपाबाईच्या बाजूला जाऊन चालू लागली. "कशाचा नवस व?"  चंपाबाईनं पदराखाली डावीकडे हात दाबला आणि मान खाली घातली.

"कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

अलकनंदानं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. मला माझ्या त्या वर केलेल्या हाताची लाज वाटली. तरीही म्हटलं, मंगल भवनात पोचल्यावर वैदेही सांगेलच की सगळ्यांना.

गावोगावच्या पाहुणचारात वारासिवनीला पोचेपर्यंत दीड वाजला. गाडीनं पुढं आलेली वैदेही मंगल भवनाच्या दारात दोन्ही हात हलवत उभी होती. मी थांबलो, पण मागचे अडीचशे थांबले नाहीत.

"थांबा! इथंच थांबायचं आहे!" मी ओरडलो.

"दर्शनाबिगर थांबायचं नाही, महाराज!" महागू माइकमधून गरजला, आणि मंडळींनी मला पुढं ढकललं. मंगल भवन डावीकडून आलं, डावीकडूनच मागं गेलं. वैदेहीचे हात हवेतच राहिले.

तेवढ्यात भोंगा खरखरला आणि भजन बंद पडलं.

"मी अलकनंदा. या महाराजांची बायको." महागूच्या हातातला माइक तिच्या हातात होता. लोक हसले. ती हसली नाही. "मले स्तनाचा कॅन्सर झालता. गाठ लागली तरी आठ महिने मी बोलली नाही, लाजेपायी. मग डॉक्टरनं एक बाजू काढली. आज मी तुमच्यासंगं सतरा किलोमीटर चालली. जिले कुठं गाठ लागून राह्यली असन, तिनं माझ्यासंगं या दारातून आत यायचं. रामपायलीचं मंदिर रात्रीपर्यंत उघडं आहे. हे दार दोन वाजता बंद होते."

भर रस्त्यात ढोलक थांबली. मी सात हार गळ्यात घालून उभा. जो शब्द मला चिठ्ठीवरही सहन झाला नव्हता, तो भोंग्यातून अख्ख्या वारासिवनीनं ऐकला होता, आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं.

आधी चंपाबाई हलली. जवळ येऊन तिनं हातातला नारळ माझ्या हातात दिला. "धरा महाराज," म्हणाली आणि आत गेली. मग दुसरी. मग महागूची बायको. एकूण त्रेचाळीस बायका आत गेल्या आणि त्रेचाळीस नारळ माझ्याजवळ आले. डॉक्टरीणबाईंनी पाच वाजेपर्यंत दार बंद केलं नाही. चंपाबाईला सोमवारीच नागपूरला बोलावलं. "वेळेवर आली," असं त्या म्हणाल्या, तेव्हा अलकनंदा पायरीवर बसून रडली. मलाही आवरलं नाही.

रडणं आटोपून मी बसस्टँडकडे वळलो, तर महागू आडवा आला.

"चला महाराज. रामपायली."

"अरे, मी महाराज नाही. रिटायर्ड सब-इंजिनिअर आहे."

"ते ठीक आहे. पन तुमी हौ म्हनलं होतं ना? अन् बायांचे नारळ कोन चढवन?"

अलकनंदा बसच्या खिडकीतून हात हलवत बालाघाटला गेली. मी नारळांचं पोतं महागूच्या सायकलवर टाकलं आणि ओल्या बुटांनी पुढं चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी मी घमेल्यात गरम पाणी घेऊन पाय शेकत बसलो होतो. दुर्गाबाई आल्या. म्हटलं, आता मोकळं व्हावं.

"वहिनी, तो खडा... खोटं होतं ते. मले बोलता नाही आलं."

"माहीत आहे भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "नंदाचं पित्ताशय तर सत्त्याऐंशीतच काढलं होतं. तुम्ही तेव्हा धरणाच्या कामावर होते. दवाखान्यात डबा मीच नेत होती."

पाणी एकदम गार लागायला लागलं. "मग दोन वर्षं कोणी बोललं काहून नाही?"

"तुम्ही इतकं मापासकट सांगत होते. आम्हाले वाटलं, माणूस दुःखात आहे, सांगू द्या."

"कोणाकोणाले माहीत होतं?"

"कॉलनीले. अन् दूधवाल्याले."

स्वयंपाकघरातून अलकनंदाचा आवाज आला, "अन् तेव्हाचा खडा नऊच मिलिमीटरचा होता!"