गोटी आणि एका पायाची प्रार्थना

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. म्हणून मी ती हळू आवाजात सांगते. तुम्हीही हळूच ऐका.

एका जंगलात, म्हणजे आपल्या गावापासून फार फार लांबच्या जंगलात, तळ्याकाठी एक शाळा होती. शाळेत बेडूक होते, खारी होत्या, कासवं होती. शिक्षक मात्र सगळे बगळे. तसा नियम नव्हता हं, बाळांनो. आपोआपच तसं झालं होतं.

शाळेत रोज सकाळी प्रार्थना व्हायची. ती एका पायावर उभं राहून म्हणायची. गोटी नावाची कासवाची मुलगी रोज प्रयत्न करायची, आणि रोज धप्पकन उताणी पडायची. शिपाई माकडदादा तिला सुलटं करायचा, पण आधी त्याला सरांचा चहा करायचा असे. तोवर गणिताचा तास संपलेला असायचा.

अशानं गोटीला साधी बेरीजही येईना. यंदा गणितात नापास झाली, तर तिचं नाव शाळेतून कमी होणार होतं.

गोटीची आई मुख्याध्यापक धवलसरांकडे गेली.

"सर, एखादी कासवीण शिक्षिका घ्या ना. पोरीचं दुखणं तिला तरी कळेल."

"अहो ताई, कोण कासव, कोण बेडूक, हे आम्ही बघतच नाही," धवलसर मान उंच करून म्हणाले. "इतक्या वरून सगळ्यांच्या पाठी सारख्याच दिसतात."

"आज कासव घेतलं, तर उद्या खेकडा येईल," दुसरे बगळेसर म्हणाले. "मग पोरं तिरकी चालतील!"

तेव्हा बेडूक पालकांनी गोटीच्या आईच्या बाजूने शाळेसमोर असा गलका केला, की धवलसरांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. हे मात्र त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी कासवीबाई नावाच्या एका कासवीण शिक्षिकेला मुलाखतीला बोलावलं.

"प्रार्थनेला कुठल्या पायावर उभ्या राहाल?"

"सर, मला चारही लागतात."

"उजवा घ्या, नाहीतर डावा घ्या. त्या बाबतीत आम्ही अगदी मोकळ्या मनाचे आहोत."

बाईंच्या पहिल्या दिवशी गोटी खुशीत होती. आता प्रार्थना चार पायांवर होणार! पण बाईंनी घाबरत घाबरत एक पाय टेकला, बाकीचे उचलले, आणि धप्प! गोटीच्या शेजारीच बाई उताण्या.

गोटीला रडू आलं. "बाई, तुम्हीसुद्धा?"

"रडतेस कशाला? वर बघ. फांदीवर पोपट किती?"

"तीन."

"आणखी दोन आले. आता?"

"पाच... बाई, बाई, एक उडाला!"

"मग किती राहिले?"

"चार!" गोटी इतकी हसली, की पाठीवर गरगर फिरली.

रोज प्रार्थना, रोज धप्प, रोज पोपट. परीक्षेत गोटी गणितात पास झाली.

"बघा, प्रार्थनेचा प्रताप!" धवलसर सगळ्यांसमोर म्हणाले. "एकच नियम सगळ्यांना. यालाच समानता म्हणतात."

कासवीबाईंना मात्र घरी पाठवलं. कारण त्या शाळेच्या वेळेत आडव्या असतात. त्यांच्या जागी राखी बगळा आला. पांढऱ्यांमध्ये एक राखी, म्हणजे विविधताही राहिली.

दुसऱ्या दिवशी गोटी नेहमीसारखी पडली. शेजारी आणखी एक धप्प झालं. पहिलीतलं कासवाचं नवं पिल्लू होतं. ते भोकाड पसरणार, तेवढ्यात गोटी म्हणाली, "ए, रडू नकोस. वर बघ. पोपट किती?"

तात्पर्य: शिक्षक कोणीही असला तरी काही फरक पडत नाही, असं बगळे म्हणतात. ते खरंच असणार, कारण ते उंच आहेत. आपण लहानांनी एवढंच लक्षात ठेवावं, की गणित यायला हवं असेल तर आधी नीट उताणं पडावं, आणि पडल्यावर शेजारी कोण आहे ते... आले, सर! नाही सर, काही बोलत नव्हते, प्रार्थनेच्या रांगेतच उभी