चार बोटं आखूड बाही

वडशाहून चंद्रपूर किती लांब, असं कोणालाही विचारा, तो किलोमीटर सांगेल, नाहीतर तास सांगेल. आमचा मनोहर कंडक्टर सांगतो, "एक बाही. मनगटाच्या पट्टीसकट."

तो थट्टा करत नाही. त्यानं मोजून पाहिलेलं आहे. जिवतीला जायचं तर दोन बाह्या आणि अर्धा गळा. गळा अर्धाच, कारण पुढं घाट लागतो आणि घाटात टाके निसटतात. नागभीड म्हणजे लहान पोराचं टोपडं. एकदा लग्नाला आम्ही एकाच गाडीनं चिमूरला निघालो होतो. मी विचारलं, अजून किती राहिलं? त्यानं खिडकीबाहेर बघितलंसुद्धा नाही. मांडीवरचा मफलर उचलून धरला आणि म्हणाला, "वीतभर." आणि खरंच, वीतभर मफलर झाला आणि चिमूर आलं.

मनोहर माझा शेजारी. त्याचा ओटा आणि माझं अंगण यांच्यामध्ये फक्त एक शेवग्याचं झाड. चौतीस वर्षं तो एस.टी.त कंडक्टर होता. मी ढिवर, माझा जन्म तलावावर गेला. शाळेत तिसरीपर्यंत गेलो, पुढं मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. जाळं मात्र असं विणतो की वैनगंगेच्या दोन्ही काठांना विचारून पाहा. तरुणपणी डोंग्यातून पडून डावा हात कोपरात मोडला. गावातल्या म्हाताऱ्यानं बसवला तो वाकडाच बसला, आता पुरता सरळ होत नाही. तरी या वयात माझ्याइतकं गोल जाळं फेकणारा आमच्या तलावावर दुसरा नाही. उगाच कशाला खोटं सांगू.

तर हा विणकाम शिकला कुठं, हे लोक मला विचारतात. एटापल्लीकडच्या एका गावाला त्याची मुक्कामाची गाडी असायची. दुपारी चारला गाडी पोचायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी परत. ड्रायव्हर दुपट्टा तोंडावर घेऊन तिथंच आडवा. याला बसवेना. समोर दवाखान्याच्या पडवीत नर्सबाई लोकर विणत बसायच्या. याचं रोज बघणं पाहून एक दिवस त्या म्हणाल्या, कंडक्टर, बोटं चालतात का तुमची? हा म्हणाला, तिकिटं फाडून फाडून दुसरं काही चालतच नाही. सुया नव्हत्या, म्हणून सायकलच्या चाकाच्या दोन तारा दगडावर घासून टोकदार केल्या. तिथल्या गोंड बायका दोन आठवडे पदर तोंडाला लावून हसल्या. तिसऱ्या आठवड्यात एकीनं आपलं लेकरू आणून त्याच्या पुढ्यात बसवलं, डोक्याचं माप घ्यायला. त्या तारा अजून त्याच्याकडं आहेत. मुलीनं पुण्याहून चांगल्या सुया पाठवल्या, त्यांना तो पाहुण्या सुया म्हणतो आणि पाहुण्यांसारखंच कपाटात बसवून ठेवतो.

नोकरी सुटली पण गाडी सुटली नाही. टाके वाढवले की म्हणतो "चढले", कमी केले की "उतरले". बगलेपाशी सहा उतरले, खांद्यावर दोन चढले, असा त्याचा हिशेब तोंडानं चालू असतो. एखादा टाका सुईवरून पडला की सगळं जागच्या जागी थांबतं. अशा वेळी त्याच्या घरी आग लागली असती तरी तो आधी टाका उचलून मग उठला असता. ओट्यापासून थेट सैपाकघरापर्यंत त्यानं स्वतः वळलेली दोरी बांधली आहे आणि तिच्या टोकाला घंटी. एकदा ओढली म्हणजे थांबा. दोनदा ओढली म्हणजे निघा. त्याच्या पत्नी सुशीलाबाई होत्या तेव्हा एका घंटीला चहा यायचा. त्या जाऊन आठ वर्षं झाली. आता दुसऱ्या टोकाला कोणी नाही, पण मी उठून निघालो की तो न चुकता दोनदा ओढतो. त्याशिवाय मलाही पायरी उतरल्यासारखं वाटत नाही.

मे महिन्यात आमच्याकडं कावळा चोच वासून बसतो. म्हशी तलावातून बाहेर निघत नाहीत. तेव्हा हा मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन घाम पुसत विणत असतो. मी म्हटलं, पाहूनच अंगाची आग होते रे. तर म्हणाला, "थंडीत घालाचं असते, विणाचं नसते." त्याच उन्हाळ्यात त्यानं चौकातल्या हातपंपाच्या दांड्याला लोकरीचं आवरण विणून घातलं. दांडा तापून बायकांच्या हाताला चटके बसायचे ते बंद झाले. आठ दिवस गावानं वाहवा केली, नवव्या दिवशी ते आवरण बकरीनं खाल्लं. बकरी माझी होती. मी काही बोललो नाही, त्यानं दुसरं विणलं.

हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की आम्ही सोबत जातो. नाटक बघतानाही सुया चालूच. एकदा नाटकातला सावकार इतका हरामखोर निघाला की संतापानं याची वीण घट्ट घट्ट होत गेली. सकाळी घरी आल्यावर त्यानं दुसरा आणि तिसरा अंक पूर्ण उसवला.

आमचं भांडण एकच. त्याच्या कामाला गाठ नाही. माझ्या जाळ्याचा एकेक डोळा गाठीनं बांधलेला. दगडाला अडकून एक डोळा तुटला तरी बाकीचे जागा सोडत नाहीत. याचं सगळं एका धाग्यावर. एक टोक ओढलं की स्वेटर गेला. हे काय काम झालं? मी त्याला तोंडावर सांगितलं, पानठेल्यावरही सांगितलं. त्यावर तो म्हणतो, "सुखदेव, तुयी गाठ चुकली तर कापा लागते. माह्यं चुकलं तर मी मागं जाऊन येतो."

मागं जाऊन येण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. गेली सहा वर्षं तो शिमल्याला निघाला आहे. चौतीस वर्षं लोकांना पोचवलं, आता एकदा बर्फ बघायचा, एवढी एकच त्याची हौस. मोतीबिंदू पिकायच्या आत बघायचा. मार्ग पाठ आहे. गोंदियाला बदल, दिल्लीला बदल, मग कालका, मग ती लहान गाडी. हिशेबही पक्का: एक पूर्ण स्वेटर, एक मफलर, आणि दिल्लीत गाडीची वाट बघताना एक टोपी. खुंटीला पिशवी टांगलेली. तिच्यात हातमोजे, थर्मास, वेळापत्रकाची वही आणि निळा स्वेटर. स्वेटर विणून झाला तरी तो धागा कापत नाही. लोकरीचा गुंडा तसाच स्वेटरला लोंबत ठेवतो.

आणि धान कापून झालं, जायचे दिवस आले की काहीतरी निघतं. एका वर्षी म्हणाला, गाडीला गर्दी फार आहे. एका वर्षी गुडघा. एका वर्षी स्वेटरच्या पाठीत खालून तिसऱ्या ओळीत एक टाका उलटा पडलेला सापडला, म्हणे असा स्वेटर घालून परमुलखात कसं जायचं. मग तो निळा स्वेटर उसवायला बसतो. गावाला कळतं, शिमला रद्द झालं. उसवलेली लोकर गुंडाळायला मात्र दर वर्षी माझेच दोन हात लागतात. मी हात पुढं करून खांबासारखं बसायचं, आणि त्यानं मनगटांभोवती लोकर फिरवायची.

"डावा हात लांब कर ना गा."

"नाई होत. माहीत नाई का तुले?"

"बरं, राहू दे."

सहा वर्षं हेच बोलणं. मध्येच सहज विचारल्यासारखं तो विचारायचा, तू कधी बर्फ बघितला का? मी म्हणायचो, मला काऊन बघायचा? पाणी घट्ट झालं तर मासे कुठं जातील? माझा तलाव सोडून मी कुठं जाणार नाही, हे मी त्याला सांगितलं, पानठेल्यावरही सांगितलं. तो मान हलवून गुंडाळत राहायचा.

यंदा त्यानं नवीन लोकर घेतली. करड्या रंगाची, जाड. पोळा झाल्यापासून विणत होता. दिवाळीनंतर मी एक दिवस ओट्यावर टेकलो आणि सहज त्याच्या बाह्या एकावर एक ठेवून बोटांनी मोजल्या. जाळेवाल्याला ही सवयच असते. डावी बाही चार बोटं आखूड. सरळसरळ चार बोटं.

मला जो आनंद झाला तो काय सांगू. टाका चुकला म्हणून अख्खी पाठ उसवणारा माणूस, आणि त्याला दोन बाह्या सारख्या करता येईनात. मी म्हटलं, "कंडक्टर, ही बाही चंद्रपूरला पोचलीच नाई. अलीकडं मूलच्या थांब्यावरच उतरली."

तो म्हणाला, "असू दे."

मी पानठेल्यावर जाऊन सांगितलं. दोन दिवस सगळे त्याला जाता-येता विचारत होते, काय भाऊ, बाही मूललाच उतरली का? तो हसायचा. पण उसवेना. हे काही मला बरोबर वाटलं नाही. मी घरी बायकोला, अनसूयेला म्हटलं, त्याचे डोळे गेले वाटतं, त्याला दिसतच नाही चूक कुठं आहे ती. आमची अनसूया धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, माझ्याकडं पाहिलं आणि परत पाखडायला लागली. चाळीस वर्षांत असं पाहिलं की मी समजतो, माझं काहीतरी चुकलं आहे. काय ते विचारायची मात्र मला सवय नाही.

परवा सकाळी मी अंगणात जाळं दुरुस्त करत होतो. मनोहरनं हाक मारली. जाऊन पाहतो तर करडा स्वेटर विणून तयार, गुंडा लोंबतोय. म्हणाला, जरा घालून दाखव, मला पाठ कशी पडते ते बघायचं आहे. मी म्हटलं, मी काय खुंटी आहे? तर म्हणाला, घाल ना बाबा. घातला.

उजवा हात घातला, मनगटापर्यंत आला. मग डावा घातला. तोही मनगटापर्यंत आला. एक बोट इकडं नाही, एक बोट तिकडं नाही. कोपरापाशी जिथं हात वाकडा बसला आहे तिथं त्यानं दोन टाके चढवलेले, तेवढी जागा सोडलेली. मी दोन्ही हात पुढं केले, लोकर गुंडाळायला करतो तसे, आणि बघत राहिलो.

शेवग्याखाली अनसूया येऊन उभी होती. ती म्हणाली, "अजी, तुमच्या आधार कार्डाचा फोटो मीच देल्ला त्यायले. गाडीची शीट धराले लागते."

मी मनोहरकडं पाहिलं. तो मांडीवरच्या गुंड्याकडं बघत होता.

"चौतीस वर्षं गाडीत एकटा बसलो नाई गा," तो म्हणाला. "रिकामी गाडी असली तरी ड्रायव्हर राहे. एकट्यानं कसं जातेत, मले माहीतच नाई." मग म्हणाला, "नाई म्हणशील तर उसवतो. धागा कापला नाई अजून."

आता माझ्यासारख्या माणसानं अशा वेळी काय बोलावं? सहा वर्षं मी पानठेल्यावर जे बोललो होतो ते सगळ्या गावानं ऐकलेलं. तोंडातून हो निघेना. गळ्यापाशी स्वेटर आवळतो असं काहीतरी मी पुटपुटलो. तो म्हणाला, आवळत नाही, तसाच असतो. बकरी तेवढी ओरडली.

माझ्या अंगावरच्या स्वेटरपासून त्याच्या मांडीवरच्या गुंड्यापर्यंत धागा लोंबत होता. मी तो चिमटीत धरला आणि दोनदा ओढला.

मनोहरनं मान वर केली. मग चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि उशाखालून कात्री काढून तो धागा कापला. उठून खुंटीवरची पिशवी आणली, निळा स्वेटर बाहेर काढला आणि त्याचाही कापला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

दोन्ही टोकं त्यानं माझ्या हातात दिली. म्हणाला, "गाठी तू मार. तुया पक्क्या असतेत."

मी जाळ्याच्या गाठी मारल्या, दोन-दोन. येत्या सोमवारी आमची गाडी आहे. तोवर कोणाला ओढून बघायचं असेल तर खुशाल या.