चावीसकट विक्री

"आज कुणाशी बोललास?" हॉस्पिटलातून आल्या आल्या रोनितनं विचारलं.

"बोललो की. बसच्या ड्रायव्हरला थँक्यू म्हणालो," गिदोन म्हणाला.

"मग तो काय म्हणाला?"

"त्यानं दार बंद केलं."

बायकोला मेलबर्नच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, म्हणून गिदोन एल्कयाम इस्रायलमधल्या हैफाचं घर आवरून तिच्यामागून आला होता. त्याचं काम घरी बसून कॉम्प्युटरवर चाले, त्यामुळे दिवसभर तोंड उघडायचं ते जांभई द्यायलाच. शेवटी रोनितनं परस्पर त्याचं नाव ज्यू लोकांच्या स्पोर्ट्‌स क्लबात घालून टाकलं.

"मला कशाला हवाय ज्यूंचा क्लब?" तो वैतागला. "हैफात काय ज्यू कमी होते?"

"तिथे ढीगभर होते, म्हणून क्लब लागत नव्हता. इथे लागतो. आणि टेबल टेनिस खेळलास तर ते पोटही जरा आत जाईल."

गिदोन देवाधर्माचा माणूस नव्हे. लहानपणी बापानं कान धरून प्रार्थनेला नेलं असेल तेवढंच. पण क्लबात त्याला निराळ्याच गोष्टीचा त्रास होऊ लागला. तिथली माणसं फार सभ्य होती. "या, मिस्टर एल्कयाम." "बसा ना, मिस्टर एल्कयाम." "छान खेळलात हं, मिस्टर एल्कयाम." हे शेवटचं तर त्याचा चेंडू खिडकीबाहेर गेल्यावरही म्हणत. आपसात मात्र ही म्हातारी मंडळी एकमेकांचे वाभाडे काढत. क्लबाचे सेक्रेटरी झेलमान दंतवैद्य कुपरमनला "अरे कवळीच्या" म्हणत आणि कुपरमन झेलमानांना "गप रे ढोल्या" म्हणे. गिदोन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून हे आशाळभूतासारखं ऐकत राही. हैफात पावाच्या रांगेत उभं राहिलं तरी मागची अनोळखी बाई टकलावर काय चोळावं ते सांगून, वर "ऐकत का नाहीस रे गाढवा" म्हणायची. इथं आपल्याला कुणी गाढव म्हणेल तो सुदिन, असं त्याला वाटू लागलं.

पेसाखचा सण तोंडावर आला. या सणाच्या आठवड्यात खमिराचं काही खायचं नाही, इतकंच नाही तर ते आपल्या मालकीचंही असता कामा नये. पाव, बिअर, व्हिस्की, सगळं निषिद्ध. फेकून द्यायचं जिवावर येतं, म्हणून सणापुरतं ते एखाद्या परधर्मी माणसाला रीतसर विकायचं आणि मग परत विकत घ्यायचं, अशी पूर्वापार सोय आहे. क्लबाच्या कोठीत बिअरचे खोके होते. शिवाय झेलमानांनी नातवाच्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या व्हिस्कीच्या बाटल्या होत्या. त्यांची बायको त्या घरी ठेवू देत नसे.

"मिस्टर एल्कयाम, यंदा विक्रीचा मान तुमचा," झेलमान म्हणाले. मान म्हणजे दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता. "आपल्या मैदानाची देखभाल करतो ना रोको, त्याला विकून टाका."

आजवर ही विक्री अशी होई: झेलमान खालून ओरडत, "रोको, विकलं रे!" रोको शिडीवरून ओरडे, "घेतलं!" संपला व्यवहार. चावी झेलमानांच्या खिशातून हलतसुद्धा नसे.

गिदोनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पहिल्यांदाच क्लबानं काम सांगितलं आहे, त्यात चूक नको, म्हणून त्यानं हैफाला सासूबाईंना फोन लावला.

"चावी दिल्याशिवाय विक्री कसली रे?" सासूबाई कडाडल्या. "हातावर नाणं घे, चावी दे, आणि आतलं सगळं तुझं असं तोंडानं स्पष्ट सांग!"

गिदोननं झेलमानांकडे कोठीची चावी मागितली, त्यांनी बोलण्याच्या नादात ती काढून दिली, आणि गिदोननं अक्षरशः तसंच केलं. रोकोनं चावीकडे बघितलं, टोपी काढली आणि म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं हे लोक मला माल विकतायत. चावी देणारे तुम्हीच पहिले."

सणाच्या मधल्या दिवशी इटालियन क्लबाशी सामना होता. या क्लबाकडून आपली मंडळी दरवर्षी हरत आणि वर्षभर ती हार चघळत. झेलमान कोठीपाशी आले, खिसा चाचपला, आणि मग त्यांना कळलं की टेबलं, जाळी, बॅटी सगळं आतच आहे.

"चावी कुठाय?"

"रोकोला दिली," गिदोन म्हणाला. "आतल्या सगळ्यासकट."

तेवढ्यात रोको आला. तो इटालियन संघाचा कप्तान होता.

"रोको, बाबा, तेवढी टेबलं परत विक," झेलमान म्हणाले.

"सुटा माल देत नाही," रोको शांतपणे म्हणाला. "घ्यायची तर अख्खी कोठी घ्या."

अख्खी कोठी घेतली की सणात व्हिस्कीचे मालक झालो! झेलमानांना घाम फुटला. रोकोला त्यांची दया आली.

"अहो, खेळा की माझ्या टेबलावर. आज तुम्ही माझे पाहुणे. पण माझ्या दारी आलेल्याचा घसा कोरडा राहिलेला मला चालत नाही."

त्यानं कोठी उघडली, टेबलं काढली, आणि नातवाच्या लग्नाची बाटली फोडली. क्लबवाल्यांना सणात ती चालत नव्हती, त्यामुळे ती सगळी इटालियन संघाच्याच पोटात गेली. झेलमान डोळे मिटून घेत, पण बूच उघडल्याचा आवाज कानाला यायचाच.

मात्र खेळात चमत्कार होऊ लागला. इटालियन मंडळींना दोन-दोन चेंडू दिसू लागले आणि ती नेमका नसलेला चेंडू मारू लागली. कधी नव्हे तो सामना बरोबरीत आला! शेवटचा डाव झेलमान आणि रोकोचा. पण तोवर दुसरी बाटली फुटली होती आणि झेलमान बॅट घेऊन कोठीच्या दारात उरलेल्या बाटल्या मोजत बसले होते.

"मिस्टर एल्कयाम, तुम्ही खेळा," कुपरमन म्हणाला. "समोरच्याला धड उभं राहता येत नाहीये. नुसता चेंडू परत करा."

गिदोननं जीव तोडून खेळ केला. पण शुद्धीतल्या माणसाचा फटका कुठे जाणार याचा अंदाज तरी येतो. रोको गाणं म्हणत डावीकडे बघे, उजवीकडे झुके आणि चेंडू तिसरीकडेच जाई. शेवटचा गुण तर त्यानं तोल सावरताना मिळवला. गिदोन हरला.

ओरड्यानं हॉलचं छप्पर उडालं.

"अरे गाढवा! झिंगलेल्या माणसाकडून हरलास?" कुपरमन किंचाळला.

"चावी कुणी द्यायला सांगितली होती रे तुला, गिद्या?" झेलमान बॅट नाचवत ओरडले. "माझ्या नातवाचं लग्न प्यायले ते!"

एवढ्यात गिदोनचा फोन वाजला. रोनित होती.

"कसला गोंधळ चाललाय? कुणावर ओरडतायत ते?"

"माझ्यावर."

"नाव घेऊन?"

"हो. गिद्या म्हणतायत. गाढवही म्हणाले."

"बंद कर तो फोन!" झेलमान गरजले. "उद्या संध्याकाळी प्रॅक्टिसला ये. उशीर केलास तर तंगडं मोडीन!"

"रोनित," गिदोन डोळे पुसत म्हणाला, "उद्या जेवायला थांबू नकोस. मला क्लबात बोलावलंय."