घड्याळजींचा श्वास

"आज दिवसभर या यंत्राने ऑक्सिजन सोडला नाही, तर उद्या घरी," असं डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणाले आणि काकूंनी तिसऱ्यांदा पिशवी भरली.

यंत्र मोठं हुशार. घड्याळजींच्या बोटाला त्याची क्लिप लावलेली. हृदयाचा झटका येऊन गेलेला, त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन जरा कमी झाला की ते टूं टूं करत आपण होऊन नाकातल्या नळीत सोडायचं, भरला की बंद. विचारणं नाही, सांगणं नाही.

"एवढा संसार केला, पण इतकं लक्ष मीसुद्धा दिलं नाही हो," काकू म्हणायच्या.

सकाळभर यंत्र गप्प. दुपारी काकू घरी जेवायला गेल्या, की झालंच याचं टूं टूं सुरू! डॉक्टरांनी हृदय पुन्हा तपासलं, ठीक. यंत्र बदललं, तर नव्यानेही तोच सूर लावला.

"तुम्ही गेलात की त्यांना करमत नसेल," सिस्टर म्हणाली. काकू लाजल्या खऱ्या, पण जिन्यात त्यांचा धीर सुटला. आपल्यामागे या माणसाला श्वासही घेता येत नाही, म्हणजे कसं व्हायचं?

त्या दुपारी त्या अर्ध्या वाटेवरून परतल्या. बघतात तर काय, घड्याळजी पलंगावर मांडी घालून बसलेले! डोळ्याला भिंग, जेवणाच्या ताटलीत सिस्टरचं उघडं घड्याळ आणि चिमट्यात केसाएवढा स्क्रू. फुंकरीने उडू नये म्हणून घड्याळजी दुकानात श्वास रोखून स्क्रू बसवायचे, तसाच इथेही रोखलेला. शेजारी यंत्र केकाटत होतं.

"अहो!"

स्क्रू उडाला.

"घालवलास ना!"

"स्क्रूचं काय घेऊन बसलात, जीव जाईल! भिंग कुठून आलं?"

"चष्म्याच्या डबीतून. तूच तर आणून दिलीस."

"आणि सिस्टर, तुम्हीसुद्धा?"

"माझं आजच आहे हो, काल समोरच्या आजोबांचं होतं," पलंगाखालून सिस्टरचा आवाज आला. ती स्क्रू शोधत होती.

तेवढ्यात डॉक्टर आले. काकूंनी सगळं सांगितलं, पण त्यांना पटेना. "करूनच दाखवा," म्हणत त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. "तसंही हे मागे पडतंय."

"दाखवतील, पण मी शेजारी बसणार," काकू म्हणाल्या.

घड्याळजींनी ते उघडलं आणि त्याचा स्क्रू चिमट्यात उचलला. "श्वास!" काकू गरजल्या. त्यांनी दचकून घेतला. स्क्रू फिरला. "श्वास!" यंत्राने चकार शब्द काढला नाही. शेवटी घड्याळ टिकटिकलं.

"उद्या घरी," डॉक्टर हसले. "यंत्र इथेच राहू द्या, तुमच्याकडे आहे एक."

घड्याळजींनी भिंग काढलं आणि बायकोकडे पाहिलं.

"अगं, आता तू घे."

"काय?"

"श्वास. मला इथे आणल्यापासून रोखून बसली आहेस."

काकूंनी घेतला, चांगला मोठा. मग डोळे पुसत त्यांनी भरलेली पिशवी उगाचच पुन्हा भरायला काढली.